कोथरूडमधल्या एका बाथरूमचा हिशोब: चौरस फूट बरोबर, जाडी गायब

माझी मावशी आणि काका कोथरूडला राहतात, १९८० च्या दशकातली सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूम वेगळं, संडास वेगळा, बाथरूमला खाली शहाबादी फरशी आणि भिंतीला चार फुटांपर्यंत पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स, म्हणजे त्या काळात पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये असायचं तसंच सगळं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला आधी डाग पडला, मग पोपडे निघाले आणि मग उन्हाळ्यातसुद्धा थेंब पडायला लागले. दोन वेळा वरवर ग्राउटिंग (टाइल्सचे सांधे भरणं) करून झालं होतं, त्याने काही थांबलं नाही. शेवटी ठरलं की बाथरूम स्लॅबपर्यंत फोडायचं, वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं आणि टाइल्स सात फुटांपर्यंत न्यायच्या.

ठेकेदाराशी बोलणं झालं ते मजुरीपुरतं, मटेरियल काका आणून देणार. त्याने एका कागदावर यादी लिहून दिली: भिंतीच्या टाइल्स १६ बॉक्स, फ्लोअरच्या ४ बॉक्स, सिमेंट ४ गोण्या, वॉटरप्रूफिंगचं केमिकल ३५ चौरस फुटाला पुरेल एवढं, राडारोडा ३० गोण्या. काकांनी कागदाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "बघ गं जरा, ठीक वाटतंय का?" मी बिलिंग इंजिनिअर आहे, साइटवर दिवसभर हेच करते, मापं घ्यायची, क्वांटिटी काढायची, बिलं तपासायची. पण घरातली छोटी कामं मोठ्या साइटपेक्षा जास्त फसतात असं माझं मत आहे, कारण मोठ्या साइटवर ड्रॉइंग असतं, इथे ड्रॉइंग नसतं आणि भिंतीच्या मागे किंवा फरशीच्या खाली काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

आधी मापं घेतली. ७ फूट बाय ५ फूट, दरवाजा अडीच फूट बाय सात, पाच फुटी भिंतीत, समोरच्या भिंतीत वर दोन फूट बाय दीड फुटाचा व्हेंटिलेटर. परिमिती २४ फूट, गुणिले ७ म्हणजे १६८, दरवाज्याचे साडेसतरा वजा, उरले १५०.५ चौरस फूट. फ्लोअर ३५. ठेकेदाराचे आकडेही हेच, त्याने चौरस फूट अजिबात चुकवले नव्हते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं. क्षेत्रफळ अगदी बरोबर असूनही यादीतला जवळपास प्रत्येक आकडा कमी पडणार होता.

व्हेंटिलेटरची वजावट मी केली नाही, त्यानेही केली नव्हती. आयएस १२०० मध्ये, म्हणजे बांधकामाची मापं कशी मोजायची ते सांगणाऱ्या भारतीय मानकात, प्लॅस्टरच्या मोजमापात अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत, कारण तिच्या कडा, म्हणजे भिंतीच्या जाडीतल्या आतल्या बाजू, आपण वेगळ्या मोजत नाही. हा व्हेंटिलेटर पाव चौरस मीटरच्या थोडा वर, आणि नऊ इंची भिंतीत त्याच्या चारही कडांना टाइल लागणार, म्हणजे जे वाचलं ते तिथेच जाणार. अर्थात आयएस १२०० हे पैसे मोजण्यासाठी आहे, दुकानातून माल आणण्यासाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत खूप होते. बिलाला जे क्षेत्रफळ चालतं त्याने दुकानात जाऊ नये.

आता टाइल्स. आवडलेली टाइल ३०० बाय ६०० मिलिमीटरची, दुकानात तिला सगळे एक बाय दोन म्हणतात आणि हिशोबही एक बाय दोननेच करतात, म्हणजे एक टाइल दोन चौरस फूट, १५० भागिले २, पंचाहत्तर, वर पाच टक्के, ७९, बॉक्समध्ये ५ नग, म्हणजे १६ बॉक्स. इथूनच तो १६ आला होता. पण ३०० मिमी म्हणजे फूट नाही, फूट ३०५ मिमीचा आहे, आणि एका बॉक्समध्ये १० नाही तर ९.६९ चौरस फूट भरतात. हा फरक तीन टक्क्यांचा, आणि खरं सांगायचं तर तो लहान फरक आहे, मोठा फरक तुकड्यांचा असतो.

मी वहीच्या चौकटीच्या कागदावर चारही भिंती काढल्या आणि एक एक टाइल मांडली, आडवी. सात फुटी भिंत म्हणजे २१३४ मिमी, तीन पूर्ण टाइल्स बसतात आणि २ मिमीचे सांधे धरून साधारण ३३ सेंमीचा तुकडा लागतो. पाच फुटी भिंतीत दोन पूर्ण आणि ३२ सेंमीचा तुकडा. आता ६० सेंमीच्या टाइलमधून ३३ चा तुकडा काढला की २७ उरतो, तो ३२ च्या जागी बसत नाही, ३३ च्याही नाही. म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी नवीन टाइल कापायची आणि उरलेला भाग जवळपास वाया. तोच तुकडा कोपऱ्यातून पुढच्या भिंतीला सुरू करायचा म्हटलं तर शेवटाला पाच-सहा सेंमीची पट्टी येते, ती दिसायला वाईट आणि कापताना तुटते. त्यामुळे एका ओळीला लांब भिंतींच्या ४ आणि ४, मागच्या भिंतीच्या ३, दरवाज्याच्या बाजूच्या दोन फुटात १, आणि दरवाज्याच्या दुसऱ्या बाजूला सहा इंचाची जागा होती तिथे तेवढा तो उरलेला २७ चा तुकडा कामाला आला. १२ टाइल्स एका ओळीला, ओळी सात, ८४ टाइल्स. फुटतूट पाच टक्के धरली की ८८, म्हणजे १८ बॉक्स. आणि एक बॉक्स पुढच्यासाठी, १९.

तो एकोणिसावा बॉक्स काकांना पटेना, बँकेत आयुष्य गेलेला माणूस, न लागणारी वस्तू का घ्यायची हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण टाइल्सचा माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहून लॉटने येतो, बॉक्सवर शेडचा नंबर छापलेला असतो, आणि तीच टाइल तीन महिन्यांनी आणली तर डिझाइन तेच आणि शेड वेगळी असं सर्रास होतं, पुष्कळदा तर ते डिझाइनच बंद होतं. उद्या प्लंबरला गळतीसाठी दोन टाइल्स फोडाव्या लागल्या तर काय करायचं? मावशीने एका वाक्यात विषय संपवला, "घेऊन टाका हो, माळ्यावर जागा आहे." सगळे बॉक्स एकाच शेडचे आहेत ना, हे मात्र टेंपोत चढवायच्या आधी एकेक बॉक्स बघून घेतलं.

फ्लोअरला ३५ चौरस फुटाला ४ बॉक्स काठावर बसत होते, चारही बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) ढाळ द्यायचा म्हणजे तिरकी कापाकापी, म्हणून ५.

इथपर्यंतचा फरक दोन-चार बॉक्सचा. खरा फरक फरशीखाली होता.

ठेकेदाराने फ्लोअरचं फिलिंग, म्हणजे स्लॅब आणि फरशीच्या मधला भराव, चार इंच धरलं होतं. कशावरून, विचारलं तर म्हणाला, "बाथरूमला तेवढंच असतं, ताई." असतं, काही बिल्डिंगमध्ये असतं. पण बाथरूमची स्लॅब किती खाली टाकलीय हे प्रत्येक बिल्डिंगचं वेगळं असतं, आणि ते कळायला एकच मार्ग, फरशी उचलून बघायचं. मी काकांना म्हटलं की काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रीला एक तास बोलवा आणि ट्रॅपपासून दूर, कोपऱ्यातली एक शहाबादी उचलायला सांगा. मिस्त्रीने फरशी काढली, छिन्नीने खाली खाली जात राहिला, विटांचे तुकडे, चुनखडी, ओली माती, आणि स्लॅब लागली ती नऊ इंचांवर. चार नाही, नऊ.

हे एक माप कळलं आणि सगळी यादी बदलली. ३५ चौरस फूट गुणिले नऊ इंच म्हणजे सव्वासव्वीस घनफूट. भिंतीवरच्या जुन्या टाइल्स, त्यांच्या मागचं बेडिंग आणि वरचं प्लॅस्टर मिळून सरासरी दीड इंच धरलं तर तिकडून १९ घनफूट. एकूण ४५. पण हे झालं घट्ट असताना, फोडल्यावर माल मोकळा होतो, दीडपटीच्या जवळ जातो, म्हणजे ६५ घनफूट. रिकाम्या सिमेंटच्या गोणीत माणसाला उचलता येईल एवढं भरलं तर साधारण एक घनफूट मावतो, म्हणजे ६५ गोण्या, आणि वजनाने दोन टनांच्या वर. यादीत ३० लिहिल्या होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिगाऱ्याने डोक्यावरून खाली न्यायच्या. हा फरक फक्त टेंपोच्या भाड्याचा नाही, ज्याच्या मानेवर ते ओझं येणार त्याच्या मजुरीचा आहे, आणि काम अर्ध्यावर आलं की "एवढं ठरलं नव्हतं" म्हणून भांडण होतं ते नेमकं इथेच. राडारोडा आधी मोजून मजुरी आधी ठरवली तर ते भांडण होत नाही. टाकायचा कुठे हेही आधीच ठरवावं लागतं, नियमांनुसार ज्याच्या घराचा राडारोडा त्याचीच जबाबदारी, वाघोलीला महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प आहे, आणि रात्री नदीपात्रात गोण्या ओतणारे टेंपो स्वस्तात मिळत असले तरी ते करू नये. मुठेची अवस्था आपण सगळे बघतोच आहोत.

मग सिमेंट. एक घनमीटर ओला माल १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) करायचा तर कोरडा माल १.३ पट लागतो, कारण पाणी घातल्यावर तो दबतो. १.३ चे पाच भाग, त्यातला एक सिमेंट, ०.२६ घनमीटर, घनमीटरला १४४० किलो धरून ३७४ किलो, म्हणजे साडेसात गोण्या. हा एक आकडा पाठ असला की पुढचं सगळं सोपं. नऊ इंचात थर असे मांडले: खाली एक इंच वॉटरप्रूफ प्लॅस्टर, सहा इंच कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल मिळून केलेला भराव), दीड इंच ढाळाचं बेड, वर अर्धा इंच टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह. कोब्यात तुकड्यांच्या फटीत जाणारा माल ४० टक्के धरला. तिन्ही थरांचा ओला माल सव्वाचौदा घनफूट झाला, ०.४ घनमीटर, म्हणजे तीन गोण्या फक्त फ्लोअरला. चार इंच धरले असते तर पावणेदोन पुरल्या असत्या.

कोब्यावरून मिस्त्रीशी माझी बरीच चर्चा झाली. मला विटांच्या तुकड्यांऐवजी एएसी ब्लॉकचे (सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकचे) तुकडे हवे होते, कारण ब्लॉक घनमीटरला साधारण ६०० किलो आणि वीट त्याच्या अडीच-तीनपट, आणि चाळीस वर्षं जुन्या, ओल खाल्लेल्या स्लॅबवर परत तेवढंच वजन टाकायला माझं मन घेईना. मिस्त्री म्हणाला, "ताई, ब्लॉक पाणी पितो." त्याचं बरोबर होतं, तो पितोच. म्हणून ठरलं की कोटिंग दोनदा करायचं, एकदा स्लॅबवर आणि एकदा कोबा आणि बेड झाल्यावर टाइलच्या खाली. मग केमिकलचं क्षेत्रफळ काय झालं बघा: खाली ३५ चौरस फूट अधिक खड्ड्याच्या बाजू, २४ फूट गुणिले पाऊण, म्हणजे १८, वर परत ३५ अधिक भिंतीवर एक फूट चढवायचं, दरवाजा सोडून साडेएकवीस. सगळं मिळून ११० चौरस फूट. यादीत ३५ होतं. पहिल्याच कोटिंगला बाजू धरल्या नसत्या तर अर्ध्यात डबा संपला असता आणि मग पातळ करून ओढलं जातं, आणि गळती परत येते ती नेमकी फ्लोअर आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यातून. या एका मटेरियलमध्ये काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण बाकी सगळं काम त्याच्या वर बसणार असतं आणि ते चुकलं तर सगळं परत फोडायचं.

भिंतींचंही तेच. प्लॅस्टर म्हटलं की सगळे १२ मिमी लिहून मोकळे होतात. मी मिस्त्रीला ओळंबा लावायला सांगितला, बाहेरच्या बाजूची लांब भिंत सात फुटात २२ मिमी बाहेर, बाकीच्या आठ-दहा मिमी. टाइल्स ओळंब्यात हव्या असतील तर सगळ्यात कमी जागी १२ मिमी आणि सगळ्यात जास्त जागी ३४, सरासरी २३. बाकीच्या भिंतींची सरासरी १७. प्लॅस्टर धरावं म्हणून भिंतीला टाचे मारल्यावर पडलेले खड्डे आणि विटांचे सांधे भरायला वर पंधरा-वीस टक्के. असं करून ०.३१ घनमीटर माल, सव्वादोन गोण्यांच्या थोडं वर. सरळ १२ मिमीने केलं तर सव्वा गोणी येते. म्हणजे भिंती तेवढ्याच, चौरस फूट तेवढेच आणि सिमेंट जवळजवळ दुप्पट. फ्लोअरच्या तीन, भिंतीच्या सव्वादोन, घोळ (फ्लोअर आणि भिंतीच्या कोपऱ्यातली गोलाई) आणि पाइपांच्या झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) बुजवायला एक, एकूण सव्वासहाच्या थोडं वर, सात लिहिल्या. वाळू सव्वीस घनफूट निघाली, वाया जाणारी धरून ३०. एवढ्याशा मालासाठी ब्रासने (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवण्यात अर्थ नसतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढीगही टाकू देत नाहीत, म्हणून हार्डवेअरवाल्याकडून गोणीत भरलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेतली, आणि ती कोरडी बघून घेतली, कारण ओलसर वाळू फुगते आणि गोणी भरलेली दिसली तरी आत माल कमी असतो.

टाइल अ‍ॅडेसिव्हची २० किलोची गोणी ३ मिमी जाडीला साधारण ४८ चौरस फूट जाते. भिंत आणि फ्लोअर मिळून १८५, म्हणजे चार, थोडं वर धरून पाच. पण हे प्लॅस्टर ओळंब्यात असेल तरच. प्लॅस्टर वाकडं ठेवून अ‍ॅडेसिव्हने लेव्हल काढायला गेलं की ६ मिमी जातं आणि आठ गोण्याही कमी पडतात. मिस्त्री लोक हे करतात, घाई असते म्हणून, आणि खर्च मालकाच्या नावावर पडतो. ग्राउट तीन किलो, ओल्या जागेसाठी इपॉक्सी, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

काकांना मी जी यादी दिली तिच्यात भाव लिहिलेच नाहीत. क्वांटिटी वेगळ्या रकान्यात, भाव वेगळ्या, आणि प्रत्येक क्वांटिटीसमोर ती कशावर आधारलीय ते: "फिलिंग ९ इंच, एका कोपऱ्यात मोजलेलं", "प्लॅस्टर सरासरी १७ ते २३ मिमी, ओळंब्याने", "टाइल आडवी, ओळी ७". भाव दर महिन्याला हलतात, दुकानागणिक बदलतात, त्यांची चौकशी काका बोहरी आळीपासून कोथरूडच्या दुकानांपर्यंत माझ्यापेक्षा चांगली करतात. पण जाडी बदलली तर कोणता आकडा कितीने बदलेल हे कागदावर असेल तर साइटवर कोणालाही तो दुरुस्त करता येतो, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

आणि तो बदललाच. फोडकाम झाल्यावर दिसलं की स्लॅब सगळीकडे नऊ इंचांवर नव्हती, ट्रॅपच्या बाजूला साडेदहा निघाली. बाहेरच्या भिंतीचं चार फुटांवरचं प्लॅस्टर बोटाने ठोकलं की पोकळ वाजत होतं, ते विटेपर्यंत काढावं लागलं. काकांनी स्वतःच वहीत नऊच्या जागी सरासरी पावणेदहा घालून परत गुणाकार केला आणि मला फोन करून सांगितलं, "अजून एक गोणी लागेल, मी सांगून ठेवलंय." सिमेंट आठ गोण्या लागलं, वाळू तीन गोण्या जास्त, राडारोडा ७२ गोण्या. टाइल्स ८६ लागल्या, माळ्यावर एक न फोडलेला बॉक्स आणि चार सुट्या उरल्या, बॉक्सवरचा शेड नंबर काकांनी वहीत लिहून ठेवलाय. अ‍ॅडेसिव्ह पाचात भागलं. स्लॅबवरच्या कोटिंगनंतर नहाणी ट्रॅप बुजवून पाणी भरून ४८ तास ठेवलं आणि खालच्या काकूंना छतावर लक्ष ठेवायला सांगितलं. छत कोरडं राहिलं, मगच कोबा टाकायला दिला.

ठेकेदाराबद्दल एक सांगायला हवं, त्याने नऊ इंच बघितल्यावर मजुरी वाढवून मागितली आणि ती काकांनी खळखळ न करता दिली, कारण काम खरंच वाढलेलं होतं आणि ते सुरू व्हायच्या आधी दोघांना दिसलं होतं.

खालच्या काकूंच्या छताचा रंग अजून बाकी आहे. तिथले पोपडे खरवडून ठेवलेत, पण स्लॅबमधली ओल पूर्ण सुकेपर्यंत पुट्टी लावायची नाही असं त्यांना सांगितलंय, नाहीतर एका पावसाळ्यात परत सुटेल. मावशीकडे आता संडासचं काम दिवाळीनंतर काढायचंय. तिथे भारतीय पद्धतीचं भांडं आहे, म्हणजे स्लॅब आणखी खाली असणार, दीड फूट धरून कच्ची यादी केलीय आणि दीड फुटासमोर "न मोजलेलं" असं लिहिलंय. मिस्त्री पुढच्या रविवारी येऊन एक फरशी उचलून जाणार आहे.